बाळाच्या न्हाणाइतकं कोमट

साडेनऊला भिजवलं मी यीस्ट, सुगंधामावशी — मांय तेव्हाच चर्च झाडायला निघाली, म्हणून नक्की आठवतं. बसा ना, टोपली खाली ठेवा, बांगडे घेते, पण आधी हा पेला बघा. फेस दिसतो? नाही ना. जॉयसीच्या लग्नाची वाईन, द्राक्षं कुस्करून बरणीत तयार — लेकीच्या लग्नाचं काम पहिल्यांदाच माझ्यावर, सुनेवर सोपवलं मांयनं — आणि त्यात घालायचं यीस्ट मी मारून टाकलं. मारलंच म्हणायचं, जिवंत असतं ते, पाणी जास्त गरम झालं की मरतं. दारातून वळून बजावून गेली होती, "सिल्व्हिया, पाणी बाळाच्या न्हाणासारख्या व्हया गो, तेवढाच कोमट." मी तेवढंच केलं. चुलीवर बाळाचं पाणी होतंच, हात घालून बघितलं, त्यातलंच घेतलं, साखर ढवळली, यीस्ट घातलं, झाकून ठेवलं — काही नाही. तळाशी नुसता गाळ. पुडी जुनी असेल म्हणून दुकानदाराला मनात शिव्या घातल्या. मग उरलेलं चमचाभर घागरीतल्या साध्या पाण्यात टाकून बघितलं, तर हे बघा, दुसऱ्या पेल्यात कसं फुगून वर आलंय. म्हणजे पुडी चांगलीच होती. वाईन होईल हो, वाईनचं काही नाही —

असं काय बघता? हात? हात काजू सोलून असे झालेत, लग्नाआधीपासून कारखान्यात, टरफलाच्या तेलानं कातडी जाडच झाली. चुलीवरचं भांडं मी फडक्याशिवाय उतरवते, नवरा असून रॉकी हसतो मला. आणि त्याच हातानं मी बाळाचं पाणी बघते. रोज. परवा त्याची पाठ लाल झाली — काय रडला — मांय म्हणाली, घामोळं असेल, पावडर लाव. मी हो म्हटलं. तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणू? थोडं वाटलं होतं, मावशी. वाटलं होतं, आणि मी पावडर लावली.

आज अजून न्हाऊ घातलं नाही त्याला. झोपलाय बघा, पालथा. पाणी निवून गेलं, पुन्हा तापवायचा धीर होत नाही.

बांगडे राहू देत आज. तुम्ही चर्चवरूनच जाणार ना? मांयला सांगा, यीस्ट — नाही, यीस्टचं नको, ते मी सांगेन. तिला म्हणावं, घरी ये, बाळाला आज तू न्हाऊ घाल, तुझ्या हातानं. का म्हणून विचारलं तर पाठीचं सांगा. सगळं सांगा. उठा आता, मासळी उन्हात आहे.