कणगी गोल का असते

तुम्ही हसाल, पण मी, अंगठेबहाद्दर बाई, महाडच्या शाळेत गणित सोडवून आलेय. नातीचे आईबाप मुंबईला, म्हणून पालकांच्या सभेला मीच गेले. प्राची सहावीत हाय. वर्गात शिरतानाच हळू आवाजात म्हणाली, "आजी, मागं बस. आणि काय बोलू नको गो."

बसले मागं. सरांनी संगणक मोठ्या पडद्याला जोडला. पडद्यावर दोन्ही टोकं जोडलेली एक दोरी होती. बोटानं ओढली की तिचा आकार बदलायचा, आणि आत किती जागा होते त्याचा आकडा बाजूला दिसायचा. सर म्हणाले, "दोरी तेवढीच ठेवायची. आत जास्तीत जास्त जागा कोणत्या आकारात होईल, ते पालकांनी सांगा."

एकानं लांबट करायला लावली, तर आकडा घसरला. दासगावचे एक म्हातारे गुरुजी म्हणाले, "चौरस." आकडा चढला, टाळ्या पडल्या.

माझ्यानं राहवलं नाय. "सर, गोल करून बघा."

प्राचीनं मान खाली घातली. सरांनी दोरी गोल केली, तर आकडा आणखी वर गेला.

"आजी, हे कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? आमच्या ह्यांनी एकदा बांबूचा तट्टा चौकोनी उभा करून भात भरलं. दोन पाट्या बाहेर उरल्या. तोच तट्टा मी गोल वळवला, तर सगळं आत मावलं. कणगी उगाच गोल नसते."

कोणीतरी विचारलं, "कोणाची आजी ही?"

प्राची ताडकन उभी राहिली. "माझी. आणि ती मागं नाय, माझ्या बाकावर बसणार हाय."