सुनिताचा अर्धा कोयता

आजच्या माझ्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय गहिनीनाथराव, व्यासपीठावर बसलेले आमच्या विभागीय कार्यालयातले वरिष्ठ, धारूरच्या बाजारपेठेतले व्यापारी बंधू, शाखेतले माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागं भिंतीला टेकून उभे राहिलेले माझे खातेदार, तुम्हा सर्वांना सत्यशीलाचा नमस्कार.

एकतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली शेवटची सहा या शाखेची व्यवस्थापक म्हणून. बोलायची सवय समोर बसलेल्या एकाच माणसाशी. एवढ्या मोठ्या सभागृहात आवाज थोडा कापला तर सांभाळून घ्या.

माझ्याआधी बोललेल्या प्रत्येकानं एक गोष्ट आवर्जून सांगितली. मॅडमच्या काळात शैक्षणिक कर्जाचं एकही खातं थकलं नाही, वसुली शंभर टक्के. टाळ्याही झाल्या. आणि लगेच गहिनीनाथरावांनी जाहीर केलं की, दाराशी एक निवेदन ठेवलंय, मुलांची शैक्षणिक कर्जं सरकारनं माफ करावीत म्हणून, आणि त्यावर पहिली सही मॅडमनी करावी. अध्यक्षमहाराज, मी तेव्हा मान खाली घातली, ती लाजेनं नव्हे. का, ते आता सांगते.

इथून दहा किलोमीटरवर डोंगराच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथले रामहरी आणि कडूबाई. तीन एकर मुरमाड जमीन, आणि दिवाळीच्या आधी ऊसतोडीला जायचं. त्यांची थोरली मंजुषा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. औषधशास्त्राच्या पदवीला खाजगी कॉलेजात नंबर लागला. रामहरी फॉर्म घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. कर्ज म्हणल्यावर ते मागं सरकले. मीच त्यांना खुर्चीवर बसवलं. मीच म्हणाले की, भाऊ, हे कर्ज बियाण्यासारखं आहे, पोरगी नोकरीला लागली की तीच फेडील. रामहरींनी सही केली. कडूबाईंनी अंगठा दिला आणि मला विचारलं, "म्याडम, तुमी सांगताय म्हंजी बरंच आसंल न्हवं?"

मी हो म्हणाले. खोटं बोलले नाही. मला तसंच वाटत होतं.

मंजुषा वेळेत पास झाली. नोकरी लागली लातूरला, एका औषधाच्या दुकानात, महिना नऊ हजार. खोलीचं भाडं, मेसचा डबा जाऊन हातात काय उरणार? तरी ती पोर वर्षभर कधी दोन हजार, कधी तीन हजार भरत राहिली. व्याज त्याहून जास्त चढत होतं. खातं थकीत व्हायची वेळ आली आणि वरून मला फोन यायला लागले. वरिष्ठ इथंच बसलेत, त्यांना दोष देत नाही. त्यांनाही वरून फोन येत असतील.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात मी जीप काढून वस्तीवर गेले. कडूबाईंनी घोंगडी अंथरली, चहा ठेवला. चहा घेऊन आली ती धाकटी, सुनिता. पंधरा वर्षांची. नववी पास होऊन दहावीत बसलेली. आईबाप तोडीला गेले की हंगामी वसतिगृहात राहून शाळा करायची. तिच्या हातात गणिताचं पुस्तक होतं, मधे बोट घालून धरलेलं.

मी रामहरींना समजावलं की एक लाख नव्वद हजार एकरकमी भरा, राहिलेलं व्याज मी माफ करवून घेते. मग मी जे बोलले, ते शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी सुनिताकडं बोट केलं आणि म्हणाले, "थोरलीचं खातं बुडवलंत, तर उद्या हिच्या कॉलेजासाठी कुठली बँक तुम्हाला दारात उभं करील?"

दसऱ्याच्या आधी रामहरी पैसे घेऊन आले. रुमालात बांधलेले, एक लाख नव्वद हजार. मी खातं बंद केलं, दाखला दिला, पेढा दिला. पैसा कुठून आला, हे विचारलं नाही. एकतीस वर्षांत प्रत्येक कर्जदाराला हा प्रश्न विचारला होता. त्या दिवशी का विचारला नाही? उत्तर मला ठाऊक असावं, म्हणूनच विचारला नसेल.

संक्रांतीला मंजुषा सुट्टीवर आली होती, ती बँकेत आली. काउंटरपाशी उभी राहून तिनं हलक्या आवाजात सांगितलं की, तोडीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यावर मुकादमानं एक लाख तीस हजार उचल दिली, म्हणजे हंगामाची मजुरी आगाऊ. उरलेल्या साठ हजारांसाठी सुनिताला अर्धा कोयता, म्हणजे एकटी मजूर, म्हणून लावलं. शाळेतनं तिचं नाव कमी झालं. मंजुषा रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "मॅडम, मी शिकले त्याचे पैसे सुनी फेडतीय."

उन्हाळ्यात माणसं तोडीवरून परत आली, तशी मी वस्तीवर गेले. सुनिताला बाहेरून दहावीला बसवायचं, फी मी भरायची, असं ठरवून गेले. सुनिताच्या तळहातांना घट्टे पडले होते. कडूबाई माझ्याशी नेहमीसारख्याच वागल्या, चहा ठेवला. मी सुनिताला जवळ बसवून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नको म्याडम. धाव्वी झाली की बारावी करावी वाटंल. मंग कालेज. मंग पुना तुमच्याच दारात यावं लागंल की."

मी उठून जीपमध्ये येऊन बसले.

आता निवेदनाचं. कर्जमाफीनं माणसं बिघडतात, असं मी आजवर प्रत्येक बैठकीत म्हणत आले. पण एक सांगते. गेवराईला मी कॉलेजात होते, तेव्हा वडिलांचं उत्पन्न कमी म्हणून सरकारनं माझी सगळी फी माफ केली होती. म्हणून मी या खुर्चीपर्यंत आले. मी बिघडले, असं मला तर कुणी म्हणालं नाही. आणि समजा उद्या माफी झालीच, तर कडूबाईंच्या घराला काय मिळेल? त्यांचं खातं बंद आहे. कागदावर ते घर सुखी आहे.

तेव्हा अध्यक्षमहाराज, मी सही करते. संध्याकाळपासून मी नोकर नाही, मला कुणाची भीती नाही. पण खाली एक ओळ माझ्या हातानं वाढवीन. ज्यांनी दुसरं लेकरू शाळेतनं काढून हप्ते फेडले, त्यांची आधी मोजणी करा, आणि त्या लेकरांना शाळेत परत आणायचा खर्च सरकारनं उचलावा. ती ओळ मान्य नसेल, तर माझी सही खोडून टाका. पुढच्या सोमवारी मी वस्तीवर पुन्हा जाणार आहे. सुनिता नाही म्हणेल, तर त्याच्या पुढच्या सोमवारी जाईन. आता मला वेळच वेळ आहे.

या शाखेनं, या गावानं मला जीव लावला. शाल-श्रीफळ दिलंत, लांबून लांबून आलात, तुमची मी ऋणी आहे. जेवणं खोळंबलीत, मी फार वेळ घेतला. आनंदाच्या प्रसंगाला असं बोलायला नको होतं, हे कळतं. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, एखादा शब्द टोचला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. सुनिताचं तेवढं पोटात घालू नका.