दुसरी किल्ली

शैलावहिनी, आणि जमलेल्या सगळ्यांनो,

मी लिहून आणलं होतं, पण अक्षर दिसत नाहीये. तरी बोलते, कारण मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

निसळ सर गेले. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्याला गोळा करून ‘ओसरी’ उभी केली. शाळांच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालणारी, कुठल्याच कंपनीची नसलेली ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यातला प्रत्येक बदल सर तपासायचे आणि आपल्या डिजिटल किल्लीने त्यावर सही करायचे. सही नसेल तर शाळेतलं मशीन तो बदल घेतच नाही. कुणी भलत्याने काही घुसवू नये म्हणून हा नियम सरांनीच केला.

दुसरा नियमही त्यांचाच. किल्ली दोघांकडे हवी. दुसरी माझ्याकडे यायची होती. फोनवर नाही, समोरासमोर.

"मंजिरीबाई, वारज्याला कधी उगवताय?"

"पुढच्या रविवारी नक्की, सर."

"हिंजवडीच्या बसमध्ये रोज तीन तास बसता. आमच्याकडे यायला मात्र मुहूर्त लागतो."

मी हसायचे. अहो, हसायचे मी! गेले मात्र कधीच नाही.

परवा वहिनींनी सरांचा कॉम्प्युटर दाखवला. किल्ली त्यात आहे. तिचा परवलीचा शब्द सरांबरोबर गेला. आणि आपल्या माहितीच्या पानावर सरांनी, मी येणारच म्हणून, केव्हाच लिहून ठेवलंय, दुसरी किल्ली मंजिरीकडे आहे. सगळे त्या ओळीवर विसंबून होते. सरसुद्धा.

मला भीती वाटते. खूप वाटते. उद्या ओसरीत कुणी भलत्याला आत शिरता येईल असं एखादं भोक सापडलं आणि आपण ते बुजवलं, तरी एकही मशीन ते घेणार नाही. शाळांना कळणारही नाही. मुलं रोज त्यासमोर बसत राहतील. इतकं सगळं एकाच माणसाच्या डोक्यात का राहू दिलं आपण?

आता नवी किल्ली करायची आणि शाळाशाळांत जाऊन, प्रत्येक मशीनवर हाताने बसवायची. दुसरा रस्ता नाही. दाराशी वही ठेवली आहे. किल्ली सांभाळणाऱ्यांची नावं त्यात लिहायची आहेत. पहिल्या ओळीवर मी माझं लिहिलंय. दुसरी ओळ कोरी आहे.

सरांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. नंतर लगेच चपला शोधू नका. आणि कृपा करून कुणी ‘पुढच्या रविवारी’ म्हणू नका.