तिथीची पाऊणपट

— नाही, सही मी करणार नाही. तुम्ही बसा हवं तर, खुर्ची एकच आहे, त्या वह्या उचलून खाली ठेवा — पण पेनाचं टोपण आधी लावा, रत्नाकरकाका, उगाच सुकेल. आणि चहाचं विचारणार नाही मी, आत्ताच सांगते. सर्जापूर रोडवरून इथं के. आर. पुरमला, भर उन्हात, फोन न करता — मला वाटलं काकूंचा काही निरोप असेल, मी अशी धावत दार उघडायला आले — आणि तुमच्या हातात काय, तर टाइप केलेला कागद! 'मी, शिवलीला महांतेश खोत, राहणार निपाणी' — वा, वडिलांचं नावसुद्धा बरोबर आहे, एरवी मराठी मंडळाच्या यादीत तीन वर्षं मी 'खोत यांची मुलगी' होते. पुढे काय — 'ओहोटीची वेळ सांगताना माझ्याकडून अनवधानाने चूक झाली, त्यामुळे मंडळाचे सदस्य राखीव क्षेत्रातील गुहेत अडकले.' अनवधानाने! हा शब्द कुणी सुचवला? तुम्हीच, ना? तुम्हीच.

समज देऊन सोडतील? कोण म्हणालं? वनखात्यात तुमच्या ओळखीचे आहेत म्हणून? काका, तुम्हाला समज देतील, तुम्ही निवृत्त इंजिनिअर, मंडळाचे अध्यक्ष, पांढरे केस. माझा परवाना जाईल. परवाना म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला? त्या किनाऱ्यावर कुमट्याच्या खाली पाच गुहा आहेत, तिथं पाकोळ्या कड्याला घरटी चिकटवतात, थुंकीची, वाटीएवढी, आणि ती मोजायला आत जायची परवानगी मला एकटीला आहे — मी आणि नावाडी, बस्स. दोन वर्षं अर्ज केले मी त्यासाठी. तीन हंगाम मोजलीत घरटी. हा कागद गेला की चौथा हंगाम नाही, प्रबंध नाही, काही नाही, मी निपाणीला जाऊन शाळेत शिकवते — तुम्हाला काय, तुम्ही पुढच्या महिन्यात हळदीकुंकवाला अध्यक्षीय भाषण कराल.

आणि लोकांना न्या असं मी म्हटलं होतं? म्हटलं होतं का? 'आपल्या मंडळाच्या मुलीची गुहा बघायला जाऊ या' — हे सभेत तुम्ही जाहीर केलंत, मला विचारायच्या आधी, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही म्हणणार होते. खरं सांगते, मी नाहीच म्हणणार होते, पण काकू स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, शिवू, समुद्र आतून कसा दिसतो ते एकदा बघायचंय गं मला — आणि मला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस डबा कुणी आणला होता? तुम्ही नाही आणलात. त्या आणायच्या, दोन बस बदलून, मऊ भात आणि मुगाचं वरण. म्हणून हो म्हटलं. गुहेच्या तोंडापर्यंत जाऊ, आत कुणी जायचं नाही, असं ठरलं होतं. ठरलं होतं ना? मग आत कुणी नेलं?

तिथीची पाऊणपट! थांबा, मलाच सांगू दे, दहा माणसांसमोर तुम्ही न्याहारीला शिकवलंत ते मला पाठ आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ हातात. त्रयोदशी, म्हणजे तेरा, तेराची पाऊणपट पावणेदहा — पावणेदहाला भरती, चारला पूर्ण ओहोटी, चारपर्यंत पाणी उतरतच राहणार. 'आम्ही अलिबागचे, आम्हाला समुद्र मोबाइलवर बघावा लागत नाही.' सगळे हसले. आणि मी तोंड उघडलं, आठवतंय? मी म्हटलं, काका, एक मिनिट — आणि तुम्ही काय म्हणालात? 'बाळा, तू आधी बघ सगळ्यांना चहा मिळालाय का.' मी सत्तावीस वर्षांची आहे. मी बाळ नाही. मी त्या गुहांमध्ये साठ वेळा उतरलेय. आणि मी गेले, चहा बघितला — दोघांना साखर कमी हवी होती.

तुमची पाऊणपट अलिबागला बरोबर येत असेल हो, तुमचे आजोबा लावत असतील. पण भरती दक्षिणेकडून वर सरकत येते, काका. कुमट्याला ती तासभर आधी पोचते, तासापेक्षाही थोडी जास्तच. त्या दिवशी पाणी तीनला दहा कमी असतानाच फिरलं होतं. माझ्या तक्त्यात होतं. तुम्ही सगळ्यांना साडेतीनला आत घेऊन गेलात, पँटी दुमडून, गाणी म्हणत, वाकून त्या अरुंद बोळातून — आत इतकी मोठी जागा आहे म्हणून खूश होऊन टाळ्या वाजवून आवाज घुमवत होतात, पाकोळ्या सैरभैर झाल्या, दोन घरटी पडली, मी पाहिलं. आणि साडेचारला बोळात गुडघाभर पाणी, पाचला कंबरेइतकं, आणि लाट आली की छतापर्यंत. मग कुणाचा आवाज बंद झाला? तुमचा. बाकीचे दोरीला धरून निघाले, नावाडी नागराजअण्णांनी होडी खडकाला घासत आणली म्हणून निघाले — आणि काकू शेवटी, कारण तुम्ही पुढे होतात आणि त्यांचा हात कुणी धरला नव्हता. खुबा मोडल्याचा आवाज येतो, माहीत आहे? लाटेतसुद्धा येतो. मी शेजारी होते.

काय? नागराजअण्णांनी सांगायला हवं होतं? अय्यो — काका, ते सांगत होते! बोळाच्या तोंडाशी उभे राहून ओरडून सांगत होते, 'नीर बरत्ते सार, बेड, बेड' — पाणी येतंय साहेब, नको, नको — आणि तुम्ही? 'सरी, सरी' — बरं, बरं! चौतीस वर्षं झाली तुम्हाला या बेंगळुरात, चौतीस वर्षं इथलं खाल्लंत, घर बांधलंत, आणि तुमचं कन्नड 'सरी'च्या आणि 'स्वल्प'च्या पुढे गेलं नाही. लाज वाटायला हवी. माणूस जिवाच्या आकांतानं सांगतोय आणि तुम्ही माझ्याकडे वळून विचारताय, काय म्हणतोय गं हा? काय म्हणतोय! आणि मी म्हटलं —

काही नाही.

नाही, हेच. 'काही नाही, सावकाश जा म्हणतायत.' असं म्हटलं मी.

असे बघू नका माझ्याकडे. तुम्हीच विचारलंत म्हणून — मला वाटलं, घोट्यापर्यंत भिजतील. बूट भिजतील, पँट भिजेल, पंधरा मिनिटांत धावत बाहेर येतील, सगळ्यांसमोर, आणि मग कुणी पाऊणपट म्हणणार नाही. एवढंच. एकदा, फक्त एकदा तुमचं चुकलेलं सगळ्यांनी बघावं. घोट्यापर्यंतच वाटलं होतं मला, काका. मला वाटलं होतं मी आहे ना, वेळेवर काढीन — मी साठ वेळा गेलेय —

तेव्हा ते वाक्य खोटं आहे तुमच्या कागदातलं. मी वेळ चुकीची सांगितली नाही. मी सांगितलीच नाही.

काकूंना? नका सांगू. म्हणजे — सांगायची गरज नाही. त्या दोन आठवडे माझा फोन उचलत नाहीत, तुम्हाला वाटलं औषधांमुळे? तुमच्या मागेच उभ्या होत्या त्या, पदर खोचून. काकूंना कन्नड येतं, काका. चौतीस वर्षं भाजी कोण आणतं तुमच्या घरात? कामवालीशी कोण बोलतं? नागराजअण्णा काय म्हणाले ते त्यांना अक्षर न् अक्षर कळलं होतं. मी तुम्हाला काय सांगितलं तेही त्यांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — मोठे डोळे करून नाही, साधं, मी डबा उघडताना पाहायच्या तसं — आणि मान डोलावली, आणि वाकून आत गेल्या. शिवू म्हणतेय तर ठीक असेल, एवढंच वाटलं असणार त्यांना.

उठा आता. उठा, मला काम आहे. नाही, कागद राहू दे इथं, ते 'अनवधानाने' खोडायचंय मला. पेनही ठेवा. दार ओढून घ्या जाताना.