सोळा पोरींच्या पोळ्या

—नाय नाय, बसा की भाभी, ही जागा कोणाची नाय. सरांना भेटायचंय ना? मंग बसाच. आत्ता जाऊन उपयोग नाय, प्रॅक्टिस सुटल्याबिगर माऊली सर कोणत्याच आईबापाशी बोलत नसतात—म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या आईबापाशी. सर्जेराव आले की शिट्टी खिशात घालून स्वतःच पळत जातात. ते बघा, पांढऱ्या गाडीला टेकून उभे आहेत ते सर्जेराव. गुत्तेदार आहेत, रस्त्याची कामं घेतात. टीमचे टी-शर्ट त्यांनीच दिले, पाठीवर पोरींची नावं बारीक अन् त्यांच्या फर्मचं नाव हे एवढं. मंग त्यांची श्रेया पिचर होणारच की. पिचर म्हणजे ह्या बेसबॉलात चेंडू फेकणारी. ती फेकायला लागली की बॅटवाली पोरगी निवांत उभी असती, अन् बाजूला बसलेल्या बाया पाय आवरून घेतात. हसू नका, मला घोट्यावर लागलाय एकदा. सरांनी विचारलं पण नाय, उलट श्रेयाला म्हणाले, गुड एफर्ट.

पोरीला घालायचंय व्हय इथं? नाव काय म्हणाल्या—आमरीन. नववीत. मी एक सांगू का, रागावू नका, मला काय तुमच्याशी वैर नाय, आपण आत्ताच भेटलोय—नका घालू. मी दोन वर्षं बघायलेय हे सगळं, अन् मला आता शिसारी यायलीय. आधी फी म्हणतात. ती भरली की ग्लोव्हज. ग्लोव्हज झाले की खालून खिळे असलेले बूट. मंग हेल्मेट, अन् ते दुसरीचं चालत नाय, उवा होतात म्हणे सर. दुकान पण तेच सांगतात, क्रांती चौकातलं अमुकच, दुसरीकडून आणलं तर हातात धरून असं उलटंपालटं करून बघतात की पोरगी रडायला येती. बरं, आपण म्हणतो झालं एकदाचं, आता खेळू द्या लेकराला. तर कुठलं? मंग दौरा. दौऱ्यावर गेल्याशिवाय खेळाडू तयार होत नाय म्हणे. इथं ह्या ग्राउंडवर तयार होत नाय, तिकडं पंजाबात दोन रात्री रेल्वेत बसून गेलं की होते. अन् प्रत्येक दौऱ्याला टी-शर्टचा रंग नवा.

अन् तिकडं काय असतं? मी गेलेय ना, डोळ्यानं बघून आलेय. राष्ट्रीय स्पर्धा म्हणून गेलो आम्ही, तर चार टीमा. चार. त्यातल्या दोन त्याच गावच्या. आमचा तिसरा नंबर आला म्हणून सरांनी परतीच्या गाडीत पेढे वाटले, अन् इथं आल्यावर पेपरात फोटो—शहराच्या लेकींनी पंजाब गाजवलं. फोटोत मधोमध कोण? सर्जेराव. हार घालून. पोरींचे नुसते अर्धे अर्धे चेहरे. मला तर असं वाटलं, तो पेपर तिथंच—जाऊ द्या. घरात ठेवलाय जपून, लेकराचा एक कान अन् वेणी आलीय त्यात.

लोक काहून घालतात मंग? पाच टक्के, दुसरं काय. इथं कोणत्याही बाईला विचारा, तोंडावर ठेवलेलं असतं—दहावीला मार्क वाढून मिळतात, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा. मी एकदा सरळ विचारलं सगळ्यांना, बायांनो, कोणाच्या घरात कोणाला ह्या चेंडूवर नोकरी लागलीय का? सगळ्या एकमेकींकडं बघायल्या. एक म्हणाली, माझा चुलतदीर पोलिसात आहे. म्हटलं बेसबॉलवर? तर म्हणाली, नाय, कबड्डीवर. घ्या.

आमच्या आत्याबाईंनी बरोबर ओळखलं होतं. सासूबाई हो माझ्या, बानाबाई. फुलंब्रीकडं राहतात, शेरडं राखतात अजून. त्यांना नातीनं खेळ समजावून सांगितला—चेंडू मारायचा, पळत सुटायचं, तीन ठिकाणी पाय लावायचा अन् जिथून निघालो तिथंच परत यायचं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाल्या, तिथंच यायचं असंल तर निघायचंच काहून? आम्ही हसून बेजार. पण पहिल्या दौऱ्याला पोरीचे डोळे भरून आले तेव्हा त्यांनीच बोकड विकला, कोणाला न विचारता. आमचे मालक वाळूजला कंपनीत आहेत, कंत्राटावर. बोकड काय दर दौऱ्याला विकायला येत नाय.

म्हणून तर मंग—बसा हो, अजून वेळ आहे, आत्ता नुसतं पळवायलेत पोरींना—म्हणून दुसऱ्या दौऱ्याच्या वेळी मी सरांना सांगितलं, आमच्याच्यानं जमत नाय. तर सर घरी आले. हर्सूलला, आमच्या खोलीत, पलंगावर बसले, चहा पिले. म्हणाले, वहिनी, तुमच्या लेकीचा सगळा खर्च क्लब करील, तुम्ही फक्त टीमबरोबर चला. मागच्या वेळी तिकडचा राजमा खाऊन निम्म्या पोरींची पोटं बिघडली, म्हणून तर हरलो. पोरींना घरची पोळी पाहिजे. तुम्ही आलात की टीमला आई मिळाली असं समजू. असं बोलले हो. गोड बोलावं तर त्या माणसानं. मला पण वाटलं, बरं झालं, लेकरू नजरेसमोर राहील, खेळताना बघायला मिळंल, आपण कुठं रेल्वेनं एवढं लांब गेलोय. अन् खरं सांगू का, तुम्ही आईच आहात म्हणून सांगते, एक मनात होतंच—पोळ्या करणारीच्या पोरीला सर बाहेर बसवणार नायत. सोळा जणी जातात अन् नऊ खेळतात, बाकीच्या पाणी देतात. माझी पोरगी पाणी देणार नाय, एवढंच माझं होतं. ती खेळती चांगली, ते वेगळं. पण चांगलं खेळून भागतं का कुठं?

मंग काय, शेगडी, तवा, परात, पोळपाट सगळं गोणीत बांधलं अन् निघाले. झोपायला एका शाळेचा वर्ग, बाक एकावर एक रचलेले. मी आपली बाहेरच्या पडवीत, शेगडीपाशी. उजाडायच्या आत कणीक मळायला बसायचं. थंडी अशी की कणीक हाताला लागत नाय, हातच कणकीला लागतात. सोळा पोरी, त्यांच्या चार चार पोळ्या, दोन सर, वर हे सर्जेराव अन् त्यांची मंडळी. ते उतरलेले हॉटेलात, गरम पाण्याच्या, पण जेवायला रोज आमच्यात. घरची चव म्हणून. मांडी घालून बसायचे अन् म्हणायचे, वहिनी, अजून एक गरम. त्यांची बाई, श्रेयाची मम्मी, तर बोटानं पोळी उचलून बघायची, करपलीय का म्हणून. मला लाटणं फेकून मारावं वाटायचं. मी काय मारलं नाय. पोरीकडं बघायची अन् अजून एक गरम टाकायची.

खेळ? नाय हो. कुठला खेळ. मॅच सकाळची, तेव्हा माझा दुपारचा स्वयंपाक. मॅच दुपारची, तर भांडी. दोन दौरे केले मी, अन् माझ्या पोरीला मॅचमध्ये बॅट धरलेलं एकदा बघितलं नाय. एकदा नाय. त्या पंजाबातच, शेवटच्या दिवशी, श्रेयाला त्या थंडीत पण ऊन लागलं म्हणे, म्हणून हिला बॅटिंगला वर पाठवलं. मी पडवीत. ग्राउंड शाळेच्या मागं, मधे भिंत. एकदम आवाज झाला, बॅटचा—तो कळतो हो, नीट लागला की वेगळाच येतो—अन् मंग पोरी किंचाळायला लागल्या, पळ, पळ, पळ. माझे हात कणकीत. मी तशीच उठले, भिंतीपर्यंत गेले, टाचा उंच केल्या. दिसंना. पोरी माझ्याच लेकराचं नाव घेऊन ओरडायल्या अन् मी भिंतीला कणकीचे हात लावून उभी. ती सगळं मैदान पळून परत आली, एका दमात. होमरन म्हणतात त्याला. मंग मी माघारी आले, तव्यावरची जळून गेली होती. सर्जेरावांनी मोबाइलवर काढलंय म्हणाले सगळे. मी मागून घेतलं त्यांच्याकडून. बघितलं तर काय, त्यात बॅटचा आवाज येतो अन् चित्रात त्यांची श्रेया टाळ्या वाजवायलीय. सावलीत बसून. सगळा वेळ तेवढंच. शेवटी शेवटी कोपऱ्यातून एक पोरगी पळत जाती, पाठमोरी. ती माझी.

येताना मंग रेल्वेतून उतरून बसमध्ये बसलो, तर श्रेयाची मम्मी दुसऱ्या बाईला म्हणाली, हळू नाय, चांगलं ऐकू जाईल असं म्हणाली, त्या पोरीची जागा काय खेळावर नाय, पोळ्यांवर मिळालीय. मला तुम्ही काय पण म्हणा. मला लोकांच्या बोलण्याची सवय आहे. पण पोरगी मागच्याच सीटवर होती. मी वळून बघितलं, तर ती खिडकीतून बाहेर बघायली. हसत होती, म्हणजे तोंड तसं केलेलं. तेव्हापासून घरात पोळी खात नाय. भाकर खाती. म्हणती मम्मी, मला भाकर बरी वाटती. बरं, खा. काय त्यात.

किळस येती हो. ह्या सगळ्याची. आता परत हैद्राबादचा दौरा आहे पुढच्या हप्त्यात, आज नावं सांगायचीत, म्हणून तर सगळ्या आया येऊन बसल्यात बघा नटूनथटून, एरवी कोण फिरकत नाय. मी ठरवून आलेय, सरांनी विचारलं की तोंडावर सांगायचं—नाय जमणार. माझी पाठ भरून येती, मी काय तुमची भटारीण नाय. शोधा दुसरी. असंच सांगणार आहे. व्हय, परात घेतलीय मी एक मोठी, शहागंजातून, परवाच. ती घरी पण लागतीच की. अन् शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय, ती काय खराब होत नाय. अजून विचारलं नाय सरांनी. दर वेळी लई आधी विचारतात. कामात असतील. मघाशी समोरून गेले, नमस्कार केला मी, मान हलवली त्यांनी अन् गेले. कानाला फोन होता ना.

ती बघा, ती, डाव्या हाताची, आत्ता बॅट घेतली ती. दिसली का? सावळी, उंच, लांब वेणीची. चेंडूकडं कशी बघती बघा, घरात अशी कशाकडंच बघत नाय. ती प्रांजली. माझी.

काय झालं? ओळखता व्हय? आमरीनच्या वर्गातली! अगं बाई, मंग आधी सांगायचं की, मला नाव ऐकून पण ध्यानात आलं नाय. म्हणजे तुमच्याकडंच ती डबा खाती—आमरीनच्या अम्मीच्या हाताला लई चव आहे म्हणत असती, तुमची मेस आहे ना शहागंजात? बघा, किती जवळचे निघालो आपण, अन् मी उगाच भाभी-भाभी करत—कुठं निघाल्या? बसा की. अशा काहून बघायल्या माझ्याकडं? मी काय वावगं बोलले का पोरीबद्दल?

नाय, बोला तुम्ही. मला राग येत नाय. सरांना फीचं विचारायला आलात ना—नाय? फी माफ? पहिल्याच वर्षी, दौऱ्याचा खर्च पण? अन् बदल्यात काय करायचंय तुम्ही?

हां.

हां, सोळाच असतात. दोन सर धरून अठरा.

सरांनी तुम्हाला फोन केला. कधी, मागच्या हप्त्यात? अन् त्यांना तुमचा नंबर—बोला हो, थांबू नका. प्रांजलीनं दिला. तिनंच तुमचं नाव सुचवलं. अन् तुमच्या आमरीनला काय म्हणाली ती? जसं म्हणाली तसं सांगा. आधी एक मावशी यायच्या स्वयंपाकाला, त्या आता येणार नायत.

मावशी.

नाय, तुमचं काय चुकलं, तुम्हाला कुठं ठाऊक होतं. आमरीनला पण ठाऊक नसंल. अन् प्रांजलीच्या खर्चाचं? त्याचं काय बोलली? सर तिला तशीच नेणार आहेत. खेळावर. तिनं जाऊन सांगितलं सरांना, मला माझ्या खेळावर नेत असाल तर न्या, नायतर नाव काढा—असं बोलली? माझी पोरगी? सरांच्या समोर उभी राहून? अन् सर हो म्हणाले.

म्हणणारच. चांगली खेळती ती.

नाय नाय, रडत नाय मी, ऊन आहे. उठा तुम्ही, शिट्टी झाली, सर मोकळे झालेत. सर्जेरावांच्या आधी गाठा, नायतर अंधार पडंस्तोवर बसाल. नाय, कशाला नाय म्हणता, पोरगी तुमची पण आहे, तिला खेळायचंय ना? मंग जा. हां म्हणा त्यांना. फक्त एवढंच करा—आमरीनला आत्ताच, इथंच बजावून ठेवा, तिकडं गेल्यावर कोण पण समोर असू दे, सर्जेराव असू दे नायतर कोण, तुम्हाला अम्मी म्हणूनच हाक मारायची. जा. माझ्याकडं वळून बघू नका, जा तुम्ही.