मामंजींची परडी

माझ्या परसातल्या फुलपाखरांचं तुम्ही कौतुक करता ना, ती मी मामंजींशी, म्हणजे सासऱ्यांशी, भांडून आणलेली आहेत हो!

लग्न होऊन रत्नागिरीत आले, तर परसातला भोपळ्याचा वेल नुसताच पसरलेला. फळ धरायचं आणि कोवळंच गळायचं, कारण मधमाश्याच फिरकत नव्हत्या. मग माहेरी मुरुडला गेले, तेव्हा येताना बोटीत मांडीवर रोपं घेऊन आले. गोंडा, जास्वंद, अबोली. विहिरीचं पाणी ओढून जगवली. पण मामंजी उजाडायच्या आत परडी घेऊन हजर. एक फूल झाडावर ठेवतील तर शपथ!

शेवटी एका सकाळी मी वाटेतच उभी राहिले. "मामंजी, अर्धी फुलं माश्यांना-फुलपाखरांना राहू देत."

"माशी बसली की फूल उष्टं. देवाला चालत नाही."

"मग पंचामृतात मध घालता, तो कोणाचा उष्टा?"

मामंजी लालबुंद. "आजपासून देवाला मध बंद!"

"बरं. मग तुमच्या खोकल्याचं सुंठमधाचं चाटणही बंद. देवाला नको ते तुम्हाला कसं देऊ?"

तेही हट्टी, मीही हट्टी. खोकल्याने घर दणाणलं, पण मी मधाची बाटली फडताळातून हलवली नाही.

आणि एके दिवशी स्वयंपाकघराच्या दारात परडी आली, अर्धीच भरलेली.

"उरलेली तुझ्या माश्यांना," मामंजी म्हणाले. "आता आण गो ते चाटण. आणि देवालाही दे चमचाभर. तोही खोकायला लागलाय."