बटणावरचा अंगठा

...नाही, मला सांगा, गाडीची किल्ली फिरवायला काय त्रास होत होता माणसाला? मनगट झिजत होतं? पण नाही! किल्ली फिरवणं जुनं झालं म्हणे, ती नुसती गाडीत असली की पुरे, आता बटण! तुम्हाला सांगतो, दाबलं की चालू, दाबलं की बंद, एकच काम होतं हो त्याला... एकच!

आणि ते बटण दाबायचा मान कुणाचा? माझा? छे! सासऱ्यांचा. गाडी घरात आली त्या दिवसापासून ते पुढच्या सीटवर बसतात, मी ब्रेकवर पाय ठेवतो आणि ते, ''थांबा जावईबापू, मी दाबतो!'' म्हणून असा अंगठा रोवतात, जसं काही धरणाचं उद्घाटनच चाललंय. तोंडात चोवीस तास खोकल्याची गोळी. ती मध्येच बाहेर काढतात, बघतात किती उरली, परत तोंडात... आणि त्याच हाताने बटण! मी काही बोललो? नाही. जावई कधी बोलतो का?

तर झालं काय, एक दिवस बटण दाबलं... काही नाही. परत दाबलं... काही नाही. तिसऱ्यांदा मी नुसता हात जवळ नेला आणि सुरू! मी गेलो गॅरेजवाल्याकडे. त्याच्यासमोर गाडी कशी? गुणाची! तो म्हणाला, ''किल्लीतला सेल गेलाय साहेब.'' बदलला. आठवड्याने परत तेच. ''मग ब्रेकचा स्विच असणार साहेब.'' असणार! म्हणजे हा निदान करतोय की भविष्य सांगतोय? तोही बदलला.

आणि मग ती संध्याकाळ. आम्ही कुठूनसे आलो, बायको आणि सासरे घरात गेले, मी गाडी बंद करून मागच्या डिकीतून पिशव्या काढतोय. किल्ली बायकोच्या पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर. पुढे कुणी नाही. कुणी म्हणजे कुणीसुद्धा नाही हो! आणि समोरचे दिवे लागले. काटे सर्रकन वर गेले, खाली आले, रेडिओ खरखरला... आणि सगळं गप्प. मी पिशवी छातीशी धरून उभा. घरात जाऊन बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणते, ''अहो, तुम्ही चष्मा बदला.'' चष्मा! एकच काम होतं त्या बटणाला, आणि ते आता न दाबता करायला लागलं होतं!

पण सासऱ्यांचे डोळे तपासायचे होते, मोतीबिंदूची तारीख ठरायची होती, डॉक्टर परगावी जाणार होते, गेलंच पाहिजे. निघालो. डोंगरातला उतार, वळणं, पुढे वळणावर अडकून थांबलेला एक ट्रक, त्यात लोखंडी सळया, मागे हातभर बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं बांधलेलं. सासरे शेजारी डुलक्या घेतायत. आणि तुम्हाला सांगतो... आवाज गेला. इंजिनाचा आवाजच गेला! नुसता टायरांचा सूं... सूं... स्टिअरिंग दगडासारखं. ब्रेक दाबला, लागला, परत दाबला, तर पाय जणू भिंतीवर! आणि ते लाल फडकं मोठं मोठं होतंय... मी हँडब्रेक हळूहळू ओढत, दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहत, ''बाबा! बाबा!'' ओरडत... गाडी थांबली. कुठे? ते फडकं काचेला टेकलं होतं. वाऱ्यानं काच पुसत होतं हो ते! काचेपलीकडे सळयांची टोकं, बरोब्बर सासऱ्यांच्या कपाळासमोर. ट्रक वळण घेऊन निघून गेला, त्याला पत्ताच नाही. आणि सासरे डोळे किलकिले करून विचारतात, ''आलं का हॉस्पिटल?''

मग गाडी दुसऱ्या गाडीला बांधून थेट इलेक्ट्रिशियनकडे, बायकोलाही तिथेच बोलावलं. हा माणूस म्हणजे गाडीचा डॉक्टर कमी आणि स्मशानातला जास्त. पहिला प्रश्न काय? ''विमा आहे ना?'' त्याने ते बटण खसकन उपटून काढलं, मागच्या तारा सोडवल्या, दोन टोकांना मीटर लावला. म्हणाला, ''बटण दाबलं की मीटर वाजणार, सोडलं की गप्प. बरोबर?'' बरोबर. त्याने दाबलं. टूंऽऽ. सोडलं. टूंऽऽऽऽ... मी, बायको, सासरे, तिघंही ऐकतोय. बटणाला कुणाचा हात नाही, आणि मीटर वाजतोय. तो हळू आवाजात म्हणाला, ''गाडीला वाटतंय, कुणीतरी अंगठा ठेवून बसलंय. उचलतच नाहीये. चालत्या गाडीत बटण असं दाबून धरलं की इंजिन बंद होतं साहेब... तुम्ही नशीबवान.''

मग त्याने ते बटण फोडलं. आत काय? चिकट, नारिंगी, मधासारखा थर. त्याने वास घेतला. ''संत्रं.'' बायकोने वास घेतला. मी घेतला. आणि आम्ही तिघांनी मिळून सासऱ्यांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. गालात गोळी होती.

बायको तर म्हणाली, ''हल्ली कंपन्या कसला माल वापरतात!''

नवीन बटण बसलं. दाबलं की चालू, दाबलं की बंद. डोळ्यांचं ऑपरेशनही झालं, झकास झालं, आता त्यांना लांबचं सगळं स्वच्छ दिसतं, आणि भेटायला येईल त्याला सांगतात, ''गाडी उत्तम आहे हो, जावयाचा हातच अजून बसलेला नाही. उताराला घाबरतात, रस्त्यातच थांबवली!''

आणि मी? मी काय बोलणार... गाडी त्यांच्या मुलीच्या नावावर आहे.